समुद्रावरचा टोल नाका: पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नेमका होता काय

होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव बातम्यांत आलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी ठरलेल्या. एक, पेट्रोल किती वाढणार याचे अंदाज, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी काका तावातावाने टाकतात, "समुद्र काय यांच्या बापाचा आहे का? जहाजं अडवणारे हे कोण?" काकांचा प्रश्न एकदम रास्त आहे, फक्त तो नवा नाही. हेच होर्मुझ १५१५ ते १६२२, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं पोर्तुगीजांच्या हातात होतं आणि त्या काळात अरबी समुद्रात माल घेऊन फिरायचं तर त्यांच्याकडून 'कार्ताझ' नावाचा एक कागद घ्यावा लागायचा. कागद नसेल तर जहाज गेलं, माल गेला, आणि नशीब वाईट असेल तर जीवही.

हे सगळं परत डोक्यात यायचं कारण म्हणजे मागच्या दिवाळीत भाच्याला घेऊन रेवदंड्याला गेलो होतो. तिथे गाडी रस्त्यावरून जाता जाता अचानक जुन्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच आत शिरते, खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर पाण्यात घुसलेला दिसतो, आणि पोराने विचारलं की मामा, हे लोक एवढ्या लांबून आले, होते किती, तर मूठभर, मग आपल्या लोकांनी यांना हाकललं का नाही? मी म्हटलं, अरे ते जरा मोठं प्रकरण आहे. म्हणजे मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. तर हे त्याचं उत्तर, दोन वाक्यांपेक्षा बरंच मोठं.

आधी समुद्र कसा चालायचा

वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतजवळ उतरला तेव्हा हिंदी महासागर काही रिकामा नव्हता. गुजराती, अरब, मलबारी, तमिळ, मलायी, सगळ्यांची जहाजं शेकडो वर्षं ये-जा करत होती. बंदराचा राजा जकात घ्यायचा, चाचेही होतेच, पण भर समुद्रात जाणाऱ्या जहाजाला "थांब, माझा पास दाखव" असं म्हणायची पद्धत या पाण्यात नव्हती. रस्ता मोकळा आणि वसुली बाजाराच्या दारात, असा साधा हिशोब होता.

पोर्तुगीजांची अडचण वेगळी. त्यांना हवी होती मिरी आणि बाकीचे मसाले, पण बदल्यात विकायला इथल्या लोकांना पसंत पडेल असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. कालिकतच्या सामोरीसमोर, म्हणजे तिथल्या राजासमोर, गामाने जो नजराणा ठेवला, त्यात कापड, टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, मध असलं काहीबाही होतं आणि ते बघून दरबारातली माणसं हसली. माल नाही, पण तोफा आहेत, अशा माणसाने धंदा करायचा तर तो कशाचा करणार? संरक्षणाचा.

म्हणजे हप्ताच की

हो, सरळ सांगायचं तर हप्ता. "तुमच्या दुकानाला काही होणार नाही याची जबाबदारी आमची," असं म्हणणारा जो असतो, दुकानाला मुख्य धोका त्याच्यापासूनच असतो. कार्ताझ म्हणजे तेच, फक्त सही-शिक्क्यासकट. शब्द मूळचा अरबी, 'किरतास' म्हणजे कागद, त्याचं पोर्तुगीज तोंडात झालं कार्ताझ. साधारण १५०२ पासून हे पास द्यायला सुरुवात झाली.

त्या कागदावर काय असायचं ते नीट बघितलं की डोकं कसं चालवलं होतं ते कळतं. जहाजाचं नाव, मालकाचं नाव, नाखुदा म्हणजे कप्तान कोण, जहाज केवढं, बरोबर हत्यारं किती, कुठून निघालं, कुठे जाणार. मग बंदी. मिरी न्यायची नाही, ठराविक मसाले न्यायचे नाहीत कारण ती पोर्तुगालच्या राजाची मक्तेदारी, घोडे परवानगीशिवाय नाहीत, आणि लढाईला किंवा जहाज बांधायला उपयोगी पडेल असलं सामान नाही. तुर्कांना बसवायचं नाही. आणि शेवटी खरी मेख म्हणजे जाता-येता अमुक एका पोर्तुगीज बंदरात, गोवा म्हणा दीव म्हणा होर्मुझ म्हणा, थांबून जकात भरायची.

इथे बरेच लोक चुकतात, त्यांना वाटतं पासाची फी हीच कमाई. तसं नव्हतं, फी तशी किरकोळ होती. जुना जकात नाका आठवा, २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतले नाके बंद झाले, त्याच्या आधी मुलुंड-दहिसरला ट्रकांच्या रांगा लागायच्या ते. आता समजा कोणी कायदा केला की ट्रक कुठूनही कुठेही जाऊ दे, नाशिकहून पुण्याला का जाईना, त्याने दहिसरच्या नाक्यावर येऊन पैसे भरूनच पुढे जायचं. कार्ताझ हे काम करायचा, तो जहाजाला ओढून नाक्यावर आणायचा. सोळाव्या शतकाच्या शेवटाला पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा या बंदरांच्या जकातीतून येत होता, आणि ही जकात भरणारे बहुतेक सगळे आशियाई व्यापारी. मसाल्याच्या जहाजांच्या गोष्टी आपण शाळेत वाचतो, पण घर चालत होतं ते गुजरातच्या कापडावर बसवलेल्या जकातीवर.

पण एवढ्याशा लोकांना एवढा समुद्र राखता आला कसा?

हा भाच्याचा प्रश्न, आणि सगळ्यात चांगला. पोर्तुगालची तेव्हाची लोकसंख्या जेमतेम दहा-पंधरा लाख. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पार मकावपर्यंत पसरलेल्या त्यांच्या ठाण्यांवर लढू शकतील असे पोर्तुगीज एका वेळी दहाएक हजारांच्या वर कधी गेले नसतील.

उत्तर असं की त्यांनी समुद्र राखलाच नाही. लोकलमधला टीसी बघा, प्रत्येक डब्यात असतो का? नसतो, तरी माणूस रांगेत उभं राहून तिकीट काढतो, कारण सापडलो तर जो दंड आणि जी शोभा होते ती तिकिटापेक्षा महाग पडते. इथे दंड म्हणजे अख्खं जहाज. आणि सुरुवातीलाच अशी दहशत बसवली की बातमी बंदराबंदरात जावी. १५०२ मधे गामाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं एक जहाज मलबारजवळ पकडलं, आत बायका-पोरं होती, लोक जीवाच्या बदल्यात दागिने द्यायला तयार होते, आणि त्याने ते माणसांसकट जाळलं. हे एकदा झालं की पुढच्या वीस नाखुद्यांना वेगळं समजवायला लागत नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी पाणी धरलं नाही, गळे धरले. त्यांचा गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क, त्याने १५१० मधे गोवा घेतलं, १५११ मधे मलाक्का, १५१५ मधे होर्मुझ. नकाशा उघडून ही तीन नावं बघा, एक आखाताच्या तोंडाशी, एक चीनच्या वाटेवर, एक मधे. १५३४ मधे गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली, आणि १५३५ मधे दीवला किल्ला बांधायची परवानगी, तेव्हा मुघल हुमायून त्याच्या मागे लागला होता आणि त्याला मदत हवी होती.

तिसरी गोष्ट तोफांची. इथली बरीच जहाजं फळ्या काथ्याने शिवून बांधलेली असायची, लवचिक, लाटांना आणि वाळूच्या किनाऱ्याला उत्तम, पण जड तोफ आतून उडवली तर तिचा धक्का सोसणारी नव्हेत. इथल्या सुतारांना खिळे ठोकायला येत नव्हते असं अजिबात नाही, पुढे भराभर बदल झालेही, पण पहिली वीस-तीस वर्षं हा फरक भारी पडला. तरी सगळं एकतर्फी नव्हतं बरं का. १५०८ मधे चौलच्या खाडीत, म्हणजे आम्ही उभे होतो तिथेच आजूबाजूला, इजिप्तचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना चांगलं झोडपलं आणि व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मेला. बापाने पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १५०९ मधे, दीवजवळ त्याचा सूड घेतला आणि त्या लढाईनंतर इजिप्तच्या तेव्हाच्या सुलतानांचं आरमार परत इकडे फिरकलं नाही.

आणि चौथी गोष्ट, जी कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पाऊस. जून ते नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, उरलेल्या महिन्यांत वारा ज्या दिशेचा त्या दिशेला जहाज. लाल समुद्राकडे जाणाऱ्याला पास मिळायला महिना-दीड महिना उशीर झाला की मोसम हुकला, भरलेला माल आणि घेतलेलं कर्ज डोक्यावर घेऊन पुढच्या वर्षापर्यंत बसा. नाकारायचीही गरज नाही, फाईल टेबलावर नुसती ठेवून दिली तरी पुरे. हे आपल्याला कोणी समजवायला नको.

मग आपले राजे काय झोपले होते?

हा राग येतोच, पण जरा त्यांच्या जागी बसून बघू. विजयनगर, आदिलशाही, निजामशाही, नंतर मुघल, यांचं उत्पन्न जमिनीतून. शेतसारा हा पगार आणि बंदराची जकात म्हणजे दिवाळीचा बोनस. (पगार हा शब्दही पोर्तुगीज, 'पागार' म्हणजे देणं, असो.) बोनससाठी कोणी नोकरी सोडून भांडत नाही. शिवाय घोडे समुद्रातून यायचे, इराण-अरबस्तानचे, आणि दख्खनमधे घोडा म्हणजे सत्ता. गोवा आणि होर्मुझ दोन्ही पोर्तुगीजांकडे गेल्यावर विजयनगर आणि आदिलशाही दोघेही आपल्यालाच घोडे मिळावेत म्हणून त्यांच्याशी गोड बोलायला लागले.

समुद्रावरची भांडणं हा व्यापाऱ्यांचा मामला, राजांच्या इज्जतीचा त्याच्याशी संबंध नाही, अशा अर्थाचं वाक्य बहादूरशहाच्याच नावावर सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण तो मेला मात्र १५३७ मधे दीवजवळ समुद्रात, पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत.

प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. १५७०-७१ मधे आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला, महिनोन् महिने चालला, पण समुद्राच्या बाजूने रसद येत राहिली आणि दोन्ही ठाणी वाचली. मलबारात सामोरीचे आरमारप्रमुख असलेल्या कुंजाली मरक्कारांनी पिढ्यान् पिढ्या छोट्या वेगवान होड्यांनी यांना सळो की पळो केलं, शेवटचे कुंजाली १६०० मधे गोव्यात मारले गेले, आणि त्यांना पकडून द्यायला मदत केली ती खुद्द सामोरीने.

अजून एक न आवडणारी गोष्ट. ही व्यवस्था नुसत्या फिरंग्यांनी चालवली नाही. दीवची भरभराट गुजराती व्यापाऱ्यांची, आणि गोव्यात जकात आणि इतर करांचे मक्ते लिलावात घेणारे पुष्कळसे इथलेच हिंदू व्यापारी, त्यात सारस्वत मोठ्या संख्येने. नाका परक्यांचा आणि वसुली आपल्या माणसांची.

बादशहाला पण पास?

बादशहाला पण. अकबराने १५७३ मधे गुजरात जिंकलं, सुरत हातात आलं, पण मक्केला जहाज पाठवायचं तर पोर्तुगीजांचा कागद लागायचाच, फार तर सवलत म्हणून फुकट मिळायचा. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली ती याच भानगडीत सुरतेला बराच काळ अडकून पडली. आणि दरबारात तर मोठा धार्मिक पेच. खुश्कीच्या रस्त्यावर शिया इराण, समुद्राच्या रस्त्यावर येशू आणि मेरीची चित्रं असलेला पास, म्हणजे मूर्तिपूजेला हात लावल्यासारखंच, म्हणून मखदूम-उल-मुल्क या बड्या मौलवीने मत दिलं की अशा परिस्थितीत हज करणं बंधनकारकच नाही! एका कागदाने धर्माज्ञेला पर्याय शोधायला लावला.

आणि पास असला तरी खात्री होती का? १६१३ मधे पोर्तुगीजांनी 'रहिमी' नावाचं प्रचंड जहाज सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. पास होता, मालकीण होती जहांगीरची आई. खरं कारण इंग्रजांचं. ते सुरतेत पाय रोवायला बघत होते आणि मुघलांनी त्यांना जवळ करू नये म्हणून हा दाब होता. पण जहांगीर भडकला, पोर्तुगीजांची चर्चेस बंद केली, दमणला वेढा घालायला फौज पाठवली, आणि व्हायचं ते उलटंच झालं, इंग्रज आणखी जवळ आले. हप्ता घेऊनही दुकान फोडलं की दुकानदार दुसरा दादा शोधतो.

पण चुकवणारे असतीलच की

असतील काय, होतेच. आल्बुकर्कला १५१३ मधे एडन घेता आलं नाही, म्हणजे लाल समुद्राचं तोंड उघडंच राहिलं. सुमात्रातल्या आचेहून मिरी भरलेली जहाजं थेट लाल समुद्रात जायला लागली आणि १५६० च्या सुमाराला अलेक्झांड्रिया-व्हेनिसच्या जुन्या रस्त्याने युरोपात परत भरपूर मिरी पोचत होती. म्हणजे ज्या मक्तेदारीसाठी एवढा आटापिटा, तीच गळकी. शिवाय किल्ल्यांवरचे कप्तान राजाच्या नोकरीबरोबर स्वतःचा धंदा करायचे आणि पैसे घेऊन डोळेझाकही करायचे. तीन वर्षांची नेमणूक, तेवढ्यात काय ते कमवून घ्यायचं. ओळखीचं वाटतंय ना.

आणि कायद्याने हे बरोबर होतं का?

पोर्तुगीजांचं म्हणणं असं की १४९४ च्या तोर्देसियासच्या कराराने स्पेन आणि आम्ही जग वाटून घेतलंय, त्याच्या आगेमागे पोपचे आदेश आहेत, आणि समुद्र सगळ्यांचा हे आम्हाला मान्य आहे पण 'सगळे' म्हणजे ख्रिस्ती. बाकीच्यांना तो नियम लागू नाही. संपलं.

याला युरोपातून गाजलेलं उत्तर आलं ते डचांकडून, आणि तेही काही परोपकाराने नाही. १६०३ मधे डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे मालाने खच्चून भरलेलं पोर्तुगीज जहाज लुटलं. आता ही चोरी की युद्ध? तर डच कंपनीने ह्यूगो ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलाला कामाला लावलं आणि त्या बचावातून १६०९ मधे समुद्र कोणाच्याच मालकीचा असू शकत नाही हे सांगणारी पुस्तिका आली. आज आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तासाला ती पहिल्यांदा शिकवतात. त्याच डचांनी १६२१ मधे जायफळाची मक्तेदारी मिळवायला बांदा बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती मारून, पकडून किंवा हाकलून संपवली, हे त्याच तासाला सांगतात का माहीत नाही.

मग कान्होजी आंग्रे वेगळे कसे? तेही जहाजं अडवायचेच

हा आक्षेप इंग्रजी पुस्तकं वाचलेले लोक हमखास घेतात, कारण त्यात कान्होजी 'पायरेट' असतात. तर बघा, कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आणि त्यांचा पास म्हणजे दस्तक. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी तो घ्यावा, नाहीतर जहाज धरून बंदरात आणणार. यंत्र तेच, हे कबूल करायला लाजायचं कारण नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज, इंग्रज, जंजिऱ्याचा सिद्दी, सगळेच या किनाऱ्यावर आपापले पास चालवत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर स्वच्छ लिहिलंय, "ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र". म्हणजे पाण्यावरचा धडा आपल्याकडे कोणीतरी नीट वाचला होता.

फरक माझ्या मते एवढाच, पण तो लहान नाही, की कान्होजी स्वतःच्या राज्याच्या किनाऱ्यालगत हक्क सांगत होते, हजारो मैलांवरून येऊन नव्हे. भांडणही मुळात याच मुद्द्यावर. १७१३ मधे इंग्रजांशी तह झाला की कंपनीच्या जहाजांना त्रास देणार नाही. मग मुंबईतले देशी व्यापारी आपला माल इंग्रजी झेंड्याखाली पाठवायला लागले आणि कंपनी म्हणायला लागली की हेही आमचेच. कान्होजींचं म्हणणं, तह कंपनीशी झालाय, मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक शेटजीशी नाही. आता यात चाचेगिरी कुठे आली, हा तर कॉन्ट्रॅक्टच्या अर्थाचा वाद! पण ज्याच्या कागदाला आपण मान देत नाही त्याला चाचा म्हणायचं, ही पद्धत पोर्तुगीजांपासूनच होती. १७२१ मधे इंग्रज आणि पोर्तुगीज, एकेकाळचे वैरी, दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले.

कान्होजी १७२९ मधे गेले. १७३९ मधे चिमाजी अप्पांनी वसई घेतली, चौल-कोर्लईही पोर्तुगीजांच्या हातून गेलं, आणि कोकणापुरता कार्ताझचा कारभार आटोपला. आंग्र्यांच्या दस्तकाचा शेवट मात्र घरातूनच झाला. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मधे इंग्रजांच्या तोफांनी विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जाळलं. किल्ला मराठ्यांना द्यायचं ठरलेलं असताना इंग्रज तिथे काही महिने बसून राहिले, आणि सोडला तेव्हा पदरात बाणकोट होतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग कोर्लईच्या गावात लोक अजून पोर्तुगीज का बोलतात? बोलतात खरंच, त्यांची स्वतःची, मराठी मिसळलेली, घरात चालणारी. पण ते पुढच्या दिवाळीला.